विरळ भुवया मेकअपने भरताना: कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचे

पेन्सिल हातात घेतली की बहुतेक जण ती थेट नाकाजवळच्या टोकाला टेकवतात. टोकदार पेन्सिलची पहिली आणि सर्वांत गडद रेघ तिथेच उमटते, आणि भुवईची नेमकी तीच जागा सर्वांत फिकी असायला हवी. मग दुसरी भुवई पहिलीशी जुळवताना रंग वाढत जातो, वरची कड आखली जाते आणि आरशात चेहऱ्याआधी भुवयाच दिसू लागतात. यात हाताचा दोष कमी, क्रमाचा जास्त. म्हणून या लेखात सगळा भर तयारीवर आणि क्रमावर आहे.

पुढे तीन शब्द वारंवार येतील. नाकाजवळचा भाग म्हणजे 'सुरुवात', सर्वांत उंच भाग म्हणजे 'कमान' आणि कानाकडे निमुळता होत जाणारा भाग म्हणजे 'शेपूट'.

## विरळपणा कुठे आहे ते आधी पाहा

स्वच्छ, कोरड्या भुवया स्पूलीने (मस्काऱ्याच्या कांडीसारखा गोल ब्रश) आधी वर विंचरा, मग खाली. दोन्ही वेळा खिडकीसमोर उभे राहून नीट पाहा. केस वर असताना खालच्या कडेची रिकामी जागा दिसते, केस खाली असताना वरच्या कडेची. जशा आहेत तशा भुवया पाहून अंदाज बांधला तर अर्ध्या मोकळ्या जागा केसांखाली लपून राहतात आणि भरलेल्या जागीच पुन्हा रंग चढतो.

साधारणपणे तीनपैकी एक प्रकार आढळतो. केस सगळीकडे आहेत पण बारीक आणि तुरळक आहेत, सुरुवात व मधला भाग ठीक आहे पण शेपूट नाही, किंवा मध्येच एखादा पूर्ण मोकळा चट्टा वा जुन्या जखमेचा व्रण आहे. साहित्य निवडायचे ते यावरून.

सावध: भुवयांचे केस अचानक गळू लागले असतील, गोल चट्टे पडले असतील किंवा बाहेरचा एक तृतीयांश भाग हळूहळू विरळ होत असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चाई (चट्ट्याचट्ट्यांनी केस गळण्याचा विकार) किंवा थायरॉइडचा त्रास यामागे असू शकतो. त्वचेला खाज, पापुद्रे किंवा जखम असेल तर ती बरी होईपर्यंत त्यावर मेकअप लावू नका.

## साहित्य: कशासाठी काय

सगळीकडे तुरळक केस असतील तर बारीक टोकाची, थोडी कडक पेन्सिल पुरते. टोक दीड ते दोन मिलिमीटरचे असावे. जाड आणि मऊ पेन्सिलने केसासारखी रेघ निघत नाही, पट्टा निघतो. शिकणाऱ्यांसाठी पेन्सिलच सर्वांत सोपी, कारण चूक स्पूलीने पुसट करता येते.

आयब्रो पावडर केसांमधली त्वचा हलकी गडद करते. केस बरे असतील आणि फक्त मधून त्वचा चमकत असेल तर ती उत्तम. मात्र केसच नसलेल्या जागी नुसती पावडर धूळ बसल्यासारखी दिसते आणि लवकर उडते.

पोमेड म्हणजे डबीतले घट्ट, मेणकट रंगद्रव्य. ते तिरक्या कापाच्या बारीक ब्रशने लावतात. शेपूट नसेल किंवा त्वचा तेलकट असेल तर ते टिकते, पण गडद उमटते आणि वाळले की हलत नाही. हात बसल्यावरच त्याकडे वळा.

शाईसारखा द्रव असलेला आयब्रो पेन मोकळ्या चट्ट्यावर आणि व्रणावर केस रेखाटायला चांगला. त्याची एक अट असते: खालची त्वचा कोरी आणि कोरडी हवी. मेण, पावडर किंवा तेलावर चालवला तर टोक बुजते आणि पेन काही दिवसांत निकामी होतो.

जेल शेवटी लागते. ते केस जागच्या जागी धरते. रंगीत जेल केसांना जाड दाखवते, पारदर्शक जेल फक्त बसवते. भुवयांना केसच फार थोडे असतील तर रंगीत जेलचा उपयोग कमी होतो, कारण रंग धरायला केसच नसतात.

एकाहून अधिक वस्तू वापरायच्या असतील तर क्रम ठरलेला आहे: पेन, मग पेन्सिल किंवा पोमेड, मग पावडर, सर्वांत शेवटी जेल. ओल्या जेलवर पावडर पडली की गुठळ्या होतात आणि सगळे धुऊन पुन्हा करावे लागते.

## रंग निवडताना होणारी चूक

केस काळे म्हणून पेन्सिलही काळी, हा हिशेब चुकतो. खऱ्या भुवईत दोन केसांमधून त्वचा दिसते, त्यामुळे दुरून भुवईचा एकूण रंग केसाच्या रंगापेक्षा सौम्य भासतो. पेन्सिल त्या फटी बुजवते. तोच रंग लावला तर भुवई मूळ केसांपेक्षाही गडद वाटते. म्हणून काळ्या आणि गडद केसांसाठी एक ते दोन छटा फिका, राखेकडे झुकणारा गडद तपकिरी घ्या. केस फिके असतील तर उलट करा: केसांपेक्षा एक छटा गडद. पिकलेल्या केसांना करडा-तपकिरी शोभतो, काळा नाही.

तांबूस झाक हा दुसरा सापळा. पेन्सिलच्या टोकाकडे पाहून ती कळत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला एक रेघ ओढा आणि बोटाने घासून पसरवा. पसरलेला डाग विटकरी किंवा नारिंगी दिसला तर ती छटा सोडा. दिवसभरात चेहऱ्यावरचे तेल मिसळले की भुवईतही हाच रंग वर येतो.

## टप्पा १: त्वचा तयार करणे

भुवया कोरायच्या असतील तर त्या मेकअपच्या किमान आदल्या दिवशी कोरा. लगेच नंतर त्वचा लाल आणि हुळहुळी असते. तिच्यावर रंग सारखा बसत नाही आणि आगही होते. विरळ भुवया कोरताना फक्त पापणीवर विखुरलेले, भुवईपासून स्पष्ट दूर असलेले केस काढा. कडेचा एकेक केस मोलाचा आहे. रेघेला आधार तोच देतो.

चेहरा धुऊन मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावा, पण भुवयांवर थर देऊ नका. पाच ते दहा मिनिटे मुरू द्या. मग टिश्यू पेपर भुवईवर दाबून उचला. त्यावर तेलाचा डाग आला तर पुन्हा टिपा. पेन्सिल घसरते, रंग दोन तासांत शेपटीकडून उडतो, या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

फाउंडेशन लावणार असाल तर ते भुवया भरण्याआधी लावा आणि भुवयांच्या कडेशी थांबा. केसांत गेलेले फाउंडेशन ओलसर स्पूलीने विंचरून काढा. त्वचा तेलकट असेल तर भुवईच्या जागी बिनरंगी पावडर अगदी हलकी दाबा. आयब्रो पेन वापरायचा असेल तर मात्र ही पावडर टाळा.

तपासा: बोटाचे टोक भुवईवरून फिरवा. ते घसरत असेल तर तेल आहे, चिकटत असेल तर क्रीम अजून मुरलेले नाही. दोन्ही वेळा पुढे जाऊ नका.

## टप्पा २: मोजून खुणा करणे

हा टप्पा टाळला जातो, आणि डावी-उजवी भुवई वेगळी होण्याचे पहिले कारण हेच. आरसा डोळ्यांच्या पातळीवर, समोर हवा. हातातल्या आरशात खाली वाकून पाहिले की कमान आहे त्यापेक्षा वेगळी भासते. चेहरा सैल सोडा. आरशात निरखताना आपण नकळत भुवया उंचावतो आणि मग खुणा उंचावलेल्या भुवईच्या होतात. डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा आणि त्या स्थितीत मोजा.

एक सरळ, बारीक काडी घ्या.

नाकपुडीच्या बाहेरच्या कडेवरून काडी सरळ उभी धरा. ती भुवईला जिथे छेदते तिथे सुरुवात. काडीचे खालचे टोक नाकपुडीशीच ठेवून काडी तिरकी करा, समोर पाहताना बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून जाऊ द्या: ती कमान. आणखी तिरकी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून न्या: तिथे शेपूट संपते. तिन्ही ठिकाणी पेन्सिलने अगदी पुसट ठिपके द्या. एका भुवईवर नव्हे, रंगाची एकही रेघ ओढण्याआधी दोन्ही भुवयांवर.

काडीचे माप अंदाजापुरते आहे. नाक रुंद असेल तर सुरुवात फार दूर येते, डोळे जवळजवळ असतील तर भलतीकडे. काडी आणि स्वतःचे केस यांत मतभेद झाला तर केसांचे ऐका. सुरुवातीकडे स्वतःच्या शेवटच्या केसापलीकडे दोन-तीन मिलिमीटरहून अधिक जाऊ नका, कारण समोरून बोलणाऱ्याची नजर तिथेच पडते. शेपटीकडे थोडी जास्त मोकळीक आहे.

आणखी एक आडवी तपासणी करा. काडी आडवी धरून सुरुवातीच्या खालच्या कडेला लावा. शेपटीचे टोक या रेषेवर किंवा किंचित वर असावे. खाली उतरले तर डोळा ओघळल्यासारखा, थकलेला दिसतो.

दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या कोणाच्याच नसतात. एक सहसा उंच बसते. फरक लपवायचा असेल तर खालच्या भुवईला वरच्या कडेने आणि वरच्या भुवईला खालच्या कडेने जास्तीत जास्त एक मिलिमीटर भर द्या. त्याहून जास्त जुळवाजुळव केली की दोन्ही जाड होत जातात.

## टप्पा ३: खालची कड

केस वर विंचरा. आता भुवईची खालची सीमा उघडी पडते. पेन्सिल सुरुवातीला नाही, भुवईच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर ठेवा आणि शेपटीच्या दिशेने जा. एक सलग रेघ नको. तीन-चार मिलिमीटरच्या, एकमेकींना जेमतेम भिडणाऱ्या छोट्या रेघा. लगेच स्पूलीने या रेघा वरच्या दिशेने केसांत ओढून घ्या. कड दिसली पाहिजे, रेघ दिसता कामा नये.

दुसऱ्या भुवईवर एवढेच करा. इथून शेवटपर्यंत प्रत्येक टप्पा दोन्ही भुवयांवर करून मगच पुढे जा. एक भुवई संपवून दुसरी सुरू केली की दुसरी पहिलीच्या मागे धावते.

वरची कड आखू नका, अगदी शेपटीजवळही जपून. वर-खाली दोन्ही कडा आखून मधे रंग भरला की भुवई चिकटवलेली वाटते, आणि हे नंतर सावरता येत नाही.

## टप्पा ४: मधला भाग

खरे काम इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या.

केसांची दिशा आधी लक्षात घ्या. सुरुवातीचे केस जवळजवळ सरळ वर जातात. मधले केस कानशिलाकडे तिरके होतात. कमानीजवळ वरच्या ओळीतले केस खाली झुकतात आणि खालच्या ओळीतल्या केसांना तिरके भेटतात. शेपटीत सगळे बाहेर व खाली वळतात. रेघ शेजारच्या केसाच्याच दिशेने निघाली पाहिजे. कमानीवर सगळ्या रेघा वरच नेल्या तर भुवई विस्कटलेली दिसते आणि दोष कुठे आहे ते पटकन कळत नाही.

पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरू नका. टोकापासून दूर, मध्याच्याही मागे धरा. म्हणजे दाब आपोआप कमी होतो. त्वचेला खड्डा पडतो आहे असे वाटले तर दाब जास्त आहे. केस उगवतो तिथे, म्हणजे खालून, पेन्सिल टेकवा आणि वर जाताना उचलत न्या. त्यामुळे रेघ मुळाशी गडद आणि टोकाशी बारीक होते. लांबी चार-पाच मिलिमीटर, शेजारच्या केसापेक्षा किंचित आखूड. तीन-चार रेघांनंतर पेन्सिल बोटांत थोडी फिरवा, म्हणजे धारदार कड पुन्हा पुढे येते.

आधी हेरलेल्या रिकाम्या जागीच रेघा द्या. केस आहेत तिथे हात लावू नका. पहिल्या फेरीत हव्या असलेल्या गडदपणाच्या निम्म्यावर थांबा, स्पूली एकदा फिरवा, एक पाऊल मागे जा आणि पाहा. गरज वाटली तर दुसरी फेरी. हलक्या दोन फेऱ्यांत खोली येते. एकाच जोरकस फेरीत पट्टा येतो.

पावडर वापरत असाल तर तिरक्या ब्रशवर घेतल्यावर आधी हाताच्या पाठीवर टेकवा, मग भुवईवर दाबत जा. घासू नका, घासल्यास पावडर कडेबाहेर जाते. पोमेड घ्याल तर दोन्ही भुवयांना मिळून टाचणीच्या माथ्याएवढे. ते हाताच्या पाठीवर पसरवून ब्रशच्या दोन्ही बाजूंना पातळ लावून घ्या. डबीतून थेट भुवईवर नेलेला ब्रश पहिल्याच स्पर्शात डाग पाडतो.

मोकळ्या चट्ट्यावर नुसत्या रेघा पुरत नाहीत, कारण खाली सावली धरायला केस नसतात. तिथे पेनाने चार-पाच केस रेखा, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर फिकी पावडर एकदाच दाबा. व्रणाची त्वचा गुळगुळीत असल्याने पेन्सिल घसरते, म्हणून तिथेही पेन किंवा पोमेडच बरे.

तपासा: हात लांब करून आरसा धरा. आता स्वतंत्र रेघा दिसत असतील तर त्या जाड झाल्या आहेत. स्पूलीने त्यांच्या दिशेने तीन-चार वेळा विंचरा.

## टप्पा ५: शेपूट

शेपूट भुवईतली सर्वांत कोरीव जागा. कमानीवरून निघून ती ठिपक्यापर्यंत निमुळती होत जाते, आणि टोकाला रेघ उचलून सोडली की बारीक संपते. ठोकळ टोकाची शेपूट दुरूनही खोटी वाटते.

कातडी सैल असेल तर कानशिलाकडे हलकी ताणून धरता येते. पण खुणा ताणण्याआधीच केलेल्या हव्यात. ताणलेल्या कातडीवर अंदाजाने ओढलेली शेपूट सोडल्यावर वाकडी होते. शेपूट मुळीच नसेल तर आधी तिची खालची कड छोट्या रेघांनी ठिपक्यापर्यंत न्या, मग कमानीकडून आखूड तिरक्या रेघांनी ती भरा.

## टप्पा ६: सुरुवात, सर्वांत शेवटी

आता पेन्सिलला नवा रंग नको. ती टोकदार केली असेल तर हाताच्या पाठीवर दोन रेघा ओढून धार मोडा. पावडर किंवा पोमेड असेल तर ब्रशवर उरले आहे तेवढ्यात भागवा. भरलेला भाग जिथे संपतो तिथून नाकाच्या दिशेने, तीन-चार विरळ, जवळजवळ उभ्या रेघा द्या. शेवटची रेघ सर्वांत फिकी. मग स्वच्छ स्पूली सुरुवातीतून सरळ वर न्या.

चौकोनी, भिंतीसारखी सुरुवात झाली असेल तर त्यात आणखी रंग घालून ती सुधारत नाही. स्पूली टिश्यूवर पुसा आणि उभ्या कडेवर लहान हालचालीने वर-वर विंचरा. तरीही भिंत उरली तर त्वचेच्या रंगाची थोडी पावडर कडेवर दाबा.

## टप्पा ७: बसवणे आणि कडा साफ करणे

जेलची कांडी डबीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी पुसा, उरलेले टिश्यूवर टिपा. विरळ भुवयांना कांडीवर दिसते त्याच्या निम्मे जेल पुरते. फक्त केसांची टोके पकडत वर आणि बाहेर न्या. कांडी त्वचेवर घासली तर खालचा पेन्सिलचा रंग ओला होऊन सरकतो आणि एवढे केलेले काम पुसले जाते. रंगीत जेल उलट दिशेने फिरवण्याची पद्धत दाट भुवयांसाठी ठीक आहे. विरळ भुवयांत तो रंग थेट कातडीला लागतो. जेल वाळेपर्यंत, साधारण एक मिनिट, कपाळावर केस येऊ देऊ नका.

कन्सीलर (डाग झाकणारे त्वचेच्या रंगाचे क्रीम) लागणार असेल तर फक्त खालच्या कडेला, चपट्या बारीक ब्रशने, आणि खाली पापणीकडे पसरवून नाहीसा करा. छटा त्वचेचीच घ्या. उजळ छटेचा पांढरट पट्टा भुवई कापून लावल्यासारखी दाखवतो.

तपासा: मोठे करून दाखवणारा आरसा बाजूला ठेवा. मोकळ्या जागा शोधायला तो उपयोगी, पण निकाल त्यावर ठरवू नका. त्यात प्रत्येक फट मोठी दिसते आणि हात थांबत नाही. साध्या आरशापासून एक मीटर दूर, दिवसाच्या उजेडात पाहा. चष्मा वापरत असाल तर तो घालून. मोबाइलने एक फोटो समोरून आणि एक बाजूने काढा. डावी-उजवीतला फरक फोटोत लगेच पकडला जातो.

## बिघडले तर

एखादी रेघ बाहेर गेली तर कापसाच्या काडीला मेकअप काढायचे पाणी जेमतेम लावा, आधी हातावर टिपा, मग तेवढीच जागा पुसा. ती जागा कोरडी होऊ द्या आणि मगच पुन्हा पेन्सिल लावा. ओलसर जागेवर लगेच लावली तर रंग ढेकळासारखा बसतो.

एकूण भुवई गडद झाली असेल तर पुसत बसू नका. कोरड्या स्पूलीने वर विंचरून रंग उचला, दर दोन फेऱ्यांनी स्पूली टिश्यूवर पुसा. सुरुवातीपासून कमानीपर्यंतच फिकी करा. शेपूट थोडी गडद राहिली तरी चालते.

दुपारपर्यंत शेपूट उडते असा अनुभव असेल तर कारण बहुधा कपाळाचा घाम किंवा हात लागण्याची सवय. पाण्याने न निघणारे पोमेड किंवा पेन शेपटीपुरता वापरा. घाम आल्यावर पुसू नका, टिश्यूने टिपा.

## काढताना

तेलयुक्त क्लेन्झर कापसाच्या चकतीवर घेऊन भुवईवर वीस-तीस सेकंद नुसता धरून ठेवा. रंग सुटला की केसांच्या दिशेने एकदा ओढून घ्या. मागे-पुढे चोळल्यास सैल केस निघतात, आणि विरळ भुवयांना ते परवडत नाही. स्पूली आणि ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन आडवे वाळवा. पेन्सिल मऊ होऊन टोक करताना तुटत असेल तर आधी दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा, मग टोक करा.